सार्वजनिक सायकल : एका विश्वासाचा इतिहास

विहीर, घाट, पार, धर्मशाळा या आपल्या पूर्वापार ओळखीच्या सार्वजनिक वस्तु आहेत. त्या कोणा एकाच्या नसतात आणि सर्वांच्या असतात. कोणीहि यावें, त्यांचा उपयोग करावा आणि आपल्या वाटेनें जावें. त्या इतकीं वर्षें सार्वजनिक राहूं शकल्या याचें एक साधें कारण असें कीं, त्या जागच्या हलत नाहींत. घाट उचलून कोणी घरीं नेत नाहीं. पण वस्तु हलती झाली कीं प्रश्न उभा राहतो. पाणपोईवरचें पाणी सर्वांना मोफत असतें. तें पिण्याचें भांडें मात्र पुष्कळ ठिकाणीं साखळीनें बांधलेलें आढळतें. तहानलेल्यास पाणी पाजणाऱ्या धर्मशील माणसालाहि भांड्याच्या बाबतींत वाटसरूचा भरंवसा धरवत नाहीं.

सायकल ही तर जाण्यासाठींच जन्मलेली वस्तु. तिला साखळीनें जखडून ठेवलें तर तिचा उपयोगच संपला. मग ती सर्वांच्या मालकीची कशी करावयाची? शहराच्या कोणत्याहि कोंपऱ्यावर ती उभी असावी, अनोळखी माणसानें ती घ्यावी, आपल्या कामाच्या जागेपर्यंत न्यावी, तेथें सोडून द्यावी आणि पुढच्या माणसास ती तेथें मिळावी, ही कल्पना ऐकावयास सोपी आहे. ती प्रत्यक्षांत आणण्याचा उद्योग जगांतील शहरें १९६५ पासून करीत आलीं आहेत. त्या उद्योगाचा इतिहास आज मी आपल्यापुढें मांडणार आहें. वरवर पाहतां हा एका वाहनाचा इतिहास आहे. पण त्यांतील खरा प्रश्न वाहनाचा नाहीं. अनोळखी माणसावर विश्वास ठेवावयाचा तो कशाच्या आधारावर, हा तो प्रश्न आहे.

या इतिहासाचा आरंभ हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरांत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें मोटारींची संख्या झपाट्यानें वाढली. कालव्यांच्या कांठचे अरुंद रस्ते मोटारींनीं भरून गेले आणि जें शहर सायकलींचें म्हणून ओळखलें जाई, तेथेंच सायकलस्वारास जीव मुठींत धरून जावें लागूं लागलें. १९६५ सालीं त्या शहरांत ‘प्रोव्हो’ नांवाचा तरुणांचा एक गट उदयास आला. सत्ताधाऱ्यांना डिवचावें, त्यांची थट्टा करावी आणि त्यांच्या चुका लोकांच्या नजरेस आणून द्याव्या, पण हातांत शस्त्र मात्र घेऊं नये, असा त्यांचा मार्ग होता. या गटांत लूड स्खिमेलपेनिंक नांवाचा एक कल्पक यंत्ररचनाकार होता. त्यानें ‘पांढऱ्या सायकलींची योजना’ मांडली. शहराचा मध्यभाग खासगी मोटारींना बंद करावा. नगरपालिकेनें हजारों सायकली विकत घेऊन त्यांना पांढरा रंग द्यावा आणि त्या कुलुपावांचून रस्त्यावर ठेवाव्या. ज्याला गरज असेल त्यानें एक घ्यावी आणि काम झालें कीं सोडून द्यावी, असें त्या योजनेचें स्वरूप होतें.

त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत प्रोव्होंनीं लोकांच्या देखत कांहीं सायकली पांढऱ्या रंगविल्या आणि जनतेस अर्पण केल्या. पुढें त्यांचें काय झालें? त्या चोरीस गेल्या, असें पुष्कळ ठिकाणीं सांगितलें जातें. आणि त्यावरून माणसाच्या स्वभावाविषयीं मोठमोठे सिद्धांतहि काढले जातात. खरी हकीकत निराळी आहे. एक तर त्या सायकली हजारांनीं नव्हत्या. प्रोव्होंनीं स्वतः रंगविलेल्या अशा त्या अगदीं थोड्या होत्या. दुसरें असें कीं, त्या उचलून नेण्याचें काम प्रथम केलें तें चोरांनीं नव्हे, तर पोलिसांनीं. सायकल कुलुपावांचून रस्त्यावर सोडूं नये, असा शहराचा नियम होता. त्या नियमावर बोट ठेवून पोलिसांनीं पांढऱ्या सायकली जप्त केल्या. यावर प्रोव्होंनीं जें उत्तर शोधलें तें त्यांच्या खोडकर स्वभावास शोभेसेंच होतें. त्यांनीं सायकलींना आंकड्यांचीं कुलुपें लावलीं आणि कुलूप उघडण्याचा आंकडा त्याच सायकलीवर ठळक रंगवून ठेवला!

१९६६ च्या निवडणुकींत प्रोव्होंना नगरपालिकेंत एक जागा मिळाली आणि पुढें त्या जागेवर स्खिमेलपेनिंक स्वतः येऊन बसला. १९६७ सालीं त्यानें आपली योजना पालिकेपुढें रीतसर ठेवली. ती नुसती हौशी कल्पना नव्हती. तिच्यामागें हिशेब होता. सार्वजनिक वाहतुकीवर पालिका दर माणशीं, दर किलोमीटरला जो खर्च करते, त्याच्या एकदशांश खर्चांत पांढरी सायकल चालेल, असें त्याचें म्हणणें होतें. पालिकेनें योजना फेटाळली. भविष्यकाळ मोटारीचा आहे, अशी त्या वेळच्या कारभाऱ्यांची खात्री होती. त्याच वर्षीं प्रोव्हो हा गटहि विसर्जित झाला.

तेव्हां पांढरी सायकल लोकांच्या अप्रामाणिकपणामुळें बुडाली, ही समजूत इतिहासास धरून नाहीं. ॲम्स्टरडॅमच्या नागरिकांची परीक्षा झालीच नाहीं. परीक्षेचा कागद वाटण्यापूर्वींच गोळा करण्यांत आला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगत आहें. कारण एखादी सार्वजनिक योजना फसली कीं तिचा दोष प्रथम लोकांच्या माथीं मारण्याची रीत सर्वत्र आहे. पुढच्या इतिहासांतहि ती आपणांस पुन्हां पुन्हां भेटेल.

मात्र विश्वासाच्या बाजूनें बोलतांना दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. ही परीक्षा पुढें इतर शहरांत झाली आणि तिचा निकाल उत्साहवर्धक लागला नाहीं. इंग्लंडमधील केंब्रिज या विद्यापीठाच्या गांवीं १९९३ सालीं सुमारें ३०० सायकली लोकांना मोफत वापरावयास ठेवल्या. थोड्याच काळांत त्यांतील बहुतेक नाहींशा झाल्या. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरांत १९९४ सालीं कांहीं उत्साही नागरिकांनीं जुन्या सायकली दुरुस्त करून, पिवळ्या रंगवून रस्त्यावर सोडल्या. त्यांचीहि कथा फारशी वेगळी झाली नाहीं. कांहीं चोरीस गेल्या, कांहीं मोडल्या आणि मोडलेल्या उचलून नीट कराव्या असें काम कोणाच्याच अंगावर नव्हतें. आपल्याकडे बारभाईच्या शेतीची जी गत होते, ती या सायकलींची झाली.

याच सुमारास हॉलंडमध्येंच पांढऱ्या सायकलींचा एक प्रयोग मात्र सुरळीत चालूं होता आणि आजहि चालूं आहे. हॉखे व्हेल्युवे नांवाचें तेथें एक विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या दरवाजांपाशीं सुमारें १,८०० पांढऱ्या सायकली उभ्या असतात. त्यांस कुलूप नाहीं, भाडें नाहीं, नांव लिहून द्यावें लागत नाहीं. मनास येईल ती घ्यावी आणि रानांत भटकून झाल्यावर जागेवर आणून ठेवावी. मग जें केंब्रिजमध्यें साधलें नाहीं तें या रानांत कसें साधलें? येथें येणारा माणूस कांहीं अधिक सज्जन असतो असें नव्हे. या उद्यानास कुंपण आहे, दरवाजे आहेत, आंत येतांना प्रवेशाचें मूल्य आहे आणि सायकलींची निगा राखणारीं माणसें आहेत. म्हणजे सायकलीचें कुलूप काढलें, तरी तें उद्यानाच्या वेशीवर कोठें तरी आहेच. शहरास वेस राहिलेली नाहीं. वेस नसलेल्या शहरांत या कुलुपास पर्याय काय, हें शोधण्यांत पुढचीं वर्षें गेलीं.

पहिला पर्याय शोधला डेन्मार्कनें, आणि तो होता एक नाणें. १९९५ सालीं कोपनहेगन शहरांत सार्वजनिक सायकली सुरू झाल्या. जागोजागीं त्यांचे तळ होते. सायकलीच्या फटींत २० क्रोनचें नाणें घातलें कीं ती तळापासून मोकळी होई. कोणत्याहि तळावर परत नेऊन अडकविली कीं नाणें परत मिळे. मोठ्या दुकानांतील सामानाच्या ढकलगाड्यांना जी युक्ति असते तीच ही. सायकलहि हेतुपुरस्सर वेगळी बनविली होती. टायर भरीव रबराचे, म्हणजे पंक्चरची भीति नको. सुटे भाग असे कीं, ते दुसऱ्या सायकलीस बसूं नयेत, म्हणजे ते काढून विकण्याचा मोह नको. आणि चाकांवर जाहिरातींच्या तबकड्या, म्हणजे खर्चाचा कांहीं भार व्यापाऱ्यांनीं उचलावा. शहराच्या मध्यभागाबाहेर सायकल नेल्यास दंड होता. ही योजना २०१२ पर्यंत टिकली, हें तिचें यश लहान नाहीं. परंतु तिचा कच्चा दुवा उघड होता. वीस क्रोन देऊन सायकल घेणारा माणूस कोण, हें कोणास ठाऊक नव्हतें. नाण्यास चेहरा असतो तो राजाचा. तें देणाऱ्याचा नसतो. ज्याला सायकल ठेवूनच घ्यावयाची होती त्याच्या दृष्टीनें वीस क्रोन ही तिची फार स्वस्त किंमत होती.

म्हणून दुसरा पर्याय आला तो नांवाचा. १९९८ सालीं फ्रान्समधील रेन शहरांत २०० सायकली आणि २५ तळ अशी एक योजना सुरू झाली. तींत वापरणाऱ्यास आपलें नांव नोंदवून एक कार्ड घ्यावें लागे. कार्ड खांबास दाखविलें कीं कुलूप उघडे आणि कोणी, कोणती सायकल, केव्हां नेली याची नोंद यंत्रांत होई. सायकल परत आली नाहीं तर ती कोणाच्या नांवावर आहे हें ठाऊक असे. प्रमाण लहान असलें, तरी हें पाऊल मोठें होतें. २००५ सालीं त्याच देशांतील लिऑं शहरानें हीच रीत हजारों सायकलींच्या प्रमाणावर अवलंबिली आणि ती यशस्वी झाल्याचें पाहून पॅरिसनें कंबर बांधली.

पॅरिसचे नगराध्यक्ष बेर्त्रां दलानोए यांच्या कारकीर्दींत १५ जुलै २००७ रोजीं तेथील योजनेचें उद्घाटन झालें. तिचें नांव ‘वेलिब’. सायकल आणि स्वातंत्र्य या दोन फ्रेंच शब्दांचा तो सांधा आहे. आरंभींच ७५० तळ होते आणि थोड्याच काळांत सायकलींची संख्या वीस हजारांच्या घरांत गेली. पहिला अर्धा तास फुकट, त्यापुढें चढतें भाडें. या दरांतहि एक विचार होता. सायकल घेऊन ती दिवसभर अडवून ठेवूं नये, चटकन् पोंचून दुसऱ्यासाठीं मोकळी करावी, अशी ती सूचना होती. खर्चाची तजवीजहि लक्षांत घेण्याजोगी होती. पालिकेनें एका जाहिरात-कंपनीस शहरांतील सुमारें १,६०० जाहिरातफलकांचा हक्क दिला आणि त्याच्या मोबदल्यांत कंपनीनें सायकलींची व्यवस्था पाहावयाची, असा करार झाला. लोक सायकलीवर बसत होते आणि त्यांचें भाडें बरेंचसें भिंतींवरचीं चित्रें भरीत होतीं.

पॅरिसनें जगास दोन गोष्टी शिकविल्या. पहिली अशी कीं, माणसें उतार पसंत करतात. मोंमार्त्रची टेकडी प्रसिद्ध आहे. सकाळीं टेकडीवरचे लोक सायकलीनें आनंदानें खालीं येत. संध्याकाळीं परत जातांना मात्र भूमिगत रेल्वे धरीत. परिणामीं वरचे तळ ओसाड आणि खालचे तळ असे भरलेले कीं, सायकल ठेवावयास जागा नाहीं. मग रात्रंदिवस मालमोटारींतून सायकली वर नेऊन पोंचविण्याचें काम करावें लागलें. आणि पुढें जो कोणी चढ चढून उंचावरच्या तळावर सायकल आणून ठेवील त्याला पंधरा मिनिटें अधिक मोफत देण्याची रीत सुरू झाली. सार्वजनिक सायकल आपोआप चालत नाहीं. तिच्या फुकट अर्ध्या तासामागें कोणी तरी मालमोटार हांकीत असतो, हें या टेकडीनें दाखवून दिलें.

दुसरा धडा अधिक कडू होता. २००९ पर्यंत पहिल्या वीस हजार सायकलींपैकीं शेंकडा ८० चोरीस गेल्या किंवा मोडल्या, असें अधिकाऱ्यांनींच जाहीर केलें. कांहीं सायकली सीन नदींत सांपडल्या. नांव नोंदविलें असतांहि असें कां व्हावें? कारण नांवाचा पहारा नांव नोंदविणाऱ्यापुरताच असतो. ज्यानें कार्ड घेतलेंच नाहीं, जो रात्रीं येऊन खांबावरचें कुलूपच मोडतो, त्याच्याविषयीं नोंदवहींत काय असणार? या नासधुशीचा संबंध कांहीं विचारवंतांनीं शहराच्या श्रीमंत मध्यभागाविषयीं उपनगरांतील उपेक्षित तरुणांच्या मनांत असलेल्या रागाशीं जोडला. तें कितपत खरें, याचा निवाडा करणें कठीण आहे. पण सार्वजनिक वस्तु आपलीहि आहे असें ज्याला वाटत नाहीं, तो तिची राखण करणार नाहीं, इतकें निश्चित. विशेष हें कीं, पॅरिसनें योजना बंद केली नाहीं. कुलुपें सुधारलीं, नुकसानीचा कांहीं भार पालिकेनें उचलला आणि सायकली पुन्हां रस्त्यावर आणल्या. २०१८ च्या आरंभीं व्यवस्था दुसऱ्या कंपनीकडे गेली तेव्हां कित्येक महिने मोठा गोंधळ माजला. तेव्हांहि शहरानें सायकलीचा हात सोडला नाहीं.

पॅरिसच्या उदाहरणानें जगभर लाट उसळली. चीनमधील हांगचौ शहरानें १ मे २००८ रोजीं आपली योजना सुरू केली. तेथें जाहिरात-कंपनी नव्हती. शहराच्या सार्वजनिक वाहतूक-संस्थेनेंच सायकली पुरविल्या, बसचें कार्डच सायकलीस चालेल अशी सोय केली आणि पहिला तास मोफत ठेवला. कांहीं वर्षांतच तेथील सायकलींची संख्या साठ हजारांवर गेली. माँट्रिऑलमध्यें २००९ सालीं, लंडनमध्यें ३० जुलै २०१० रोजीं आणि न्यूयॉर्कमध्यें मे २०१३ मध्यें अशाच योजना निघाल्या. सर्वांचें नशीब सारखें निघालें नाहीं. माँट्रिऑलची योजना चालविणारी संस्था जानेवारी २०१४ मध्यें दिवाळखोरीच्या दारांत उभी राहिली. पण शहरानें योजना आपल्या हातीं घेतली आणि ती टिकली. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरांत सायकलस्वारास शिरस्त्राण घालणें कायद्यानें सक्तीचें होतें. अचानक सायकल घ्यावी असें वाटणाऱ्याच्या हातीं शिरस्त्राण कोठून असणार? २०१० सालीं सुरू झालेली ती योजना २०१९ मध्यें बंद पडली. तेथें एका चांगल्या हेतूच्या कायद्याची दुसऱ्या चांगल्या हेतूच्या योजनेशीं गांठ पडली होती.

आतां आपण या इतिहासाच्या सर्वांत चमत्कारिक प्रकरणाशीं येतों. तळ बांधावा लागतो, त्याला जागा लागते, खांब लागतात, परवानगी लागते. तो तळच नको झाला तर? मोबाइल फोन प्रत्येकाच्या खिशांत आल्यावर ही गोष्ट शक्य झाली. कुलूप खांबावरून सायकलीच्या मागच्या चाकावर आलें. सायकलीवरची चौकोनी खूण फोनास दाखवावी, म्हणजे कुलूप उघडावें. आणि जेथें उतरावयाचें तेथें सायकल उभी करून निघून जावें. ज्या सायकलींवर यंत्रणा होती, त्यांचा ठावठिकाणा आकाशांतील उपग्रहाच्या साहाय्यानें कळे. पेकिंग विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं २०१४ सालीं स्थापिलेली ‘ओफो’ आणि २०१६ सालीं शांघायच्या रस्त्यांवर उतरलेली ‘मोबाइक’ या दोन कंपन्या या नव्या रीतीच्या अग्रदूत होत्या. स्खिमेलपेनिंकचें स्वप्न शब्दशः खरें झालें असें क्षणभर वाटलें असल्यास नवल नाहीं. कोठूनहि घ्यावी, कोठेंहि सोडावी. कुलूप आहे, पण तें ज्याच्या त्याच्या खिशांत उघडतें.

मात्र एक फरक होता. प्रोव्होंच्या सायकलींमागें एक विचार होता; येथें सायकलींमागें भांडवलदारांची शर्यत होती. सत्तरांहून अधिक कंपन्या या धंद्यांत उतरल्या आणि २०१७ अखेरपर्यंत चीनच्या शहरांत दोन कोटींहून अधिक सायकली ओतल्या गेल्या. पदपथ अडले, बसच्या थांब्यांवर सायकलींचे ढीग लागले. उचलून नेलेल्या सायकली शहराबाहेर मैदानांत टाकल्या जाऊं लागल्या. त्या रंगीत ढिगांचीं उंचावरून घेतलेलीं छायाचित्रें जगभर प्रसिद्ध झालीं. लहान कंपन्या प्रथम बुडाल्या. चुंगकिंग शहरांतील एका कंपनीनें १,२०० सायकली रस्त्यावर आणल्या होत्या. त्यांपैकीं शेंकडा ९० हरवल्या आणि जून २०१७ मध्यें तिनें आपला व्यवहार आटोपला.

या कंपन्या ग्राहकाकडून प्रथम अनामत रक्कम घेत. ओफोची रक्कम पुढें १९९ युआनपर्यंत गेली. एका ग्राहकाच्या दृष्टीनें ती फार नव्हे. पण ग्राहक कोट्यवधि होते. २०१८ च्या डिसेंबरांत ओफोची स्थिति ढांसळल्याची वार्ता पसरली, तेव्हां पेकिंगच्या कडाक्याच्या थंडींत तिच्या कचेरीबाहेर अनामत परत मागणाऱ्यांची रांग लागली आणि फोनवरून परतीची मागणी नोंदविणाऱ्यांची संख्या एक कोटीच्यावर गेली. पुष्कळांना ते पैसे मिळाले नाहींत.

येथें या इतिहासाचें पारडें फिरलें, असें मला वाटतें. पन्नास वर्षें एकच प्रश्न विचारला जात होता : नागरिक सायकल परत करील काय? त्या प्रश्नासाठीं नाणें काढलें, कार्ड काढलें, अनामत काढली. आतां नागरिकानें उलट प्रश्न विचारला : सायकल मीं परत केली, माझी ठेव तुम्ही परत कराल काय? आपल्या भाषेंत ‘ठेव ठेवणें’ आणि ‘विश्वास ठेवणें’ यांना एकच क्रियापद आहे, हें सहज झालेलें नाहीं. ज्याच्यापाशीं ठेव ठेवावयाची त्यावर विश्वास असावा लागतो. वस्तु घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची चौकशी आपण फार केली; वस्तु देणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची मात्र कोणास आठवण झाली नाहीं.

या लाटेचे तुषार आपल्यापर्यंतहि आले. २०१७ च्या जूनमध्यें म्हैसूर शहरांत तळ बांधून सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुण्याच्या औंध भागांत भाड्याच्या नव्या सायकली दिसूं लागल्या आणि पुढच्या वर्षीं निरनिराळ्या कंपन्यांच्या रंगीबेरंगी सायकली शहरभर पसरल्या. थोड्याच वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. कांहींची मोडतोड झाली हें खरें. पण कंपन्यांचें भांडवल आटलें, मोडलेली सायकल नीट करणारा हात थांबला आणि सायकलस्वारास निर्धास्तपणें जातां येईल असा सलग रस्ताहि थोडाच होता. तरीसुद्धां लोकांना शिस्त नाहीं, हें एकच कारण सर्वांच्या तोंडीं राहिलें. ॲम्स्टरडॅमच्या जप्त झालेल्या सायकलींविषयीं असेंच बोललें गेलें होतें.

वास्तविक पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून सर्वत्र ओळखलें जाई आणि तेथें भाड्याच्या सायकलीची एक देशी रीत फार पूर्वींपासून रुजलेली होती. पेठेपेठेंत सायकलीचें दुकान असे. दुकानदार तासाच्या हिशेबानें सायकल देई. ती नेणाऱ्याचें नांव आणि वेळ वहींत लिहून ठेवी, अनोळखी असल्यास ओळखीच्या माणसाचा हवाला मागे. सायकलीच्या मडगार्डवर दुकानाचें नांव आणि क्रमांक रंगविलेला असे. संध्याकाळीं तोच माणूस हवा भरी, पंक्चर काढी, ब्रेक पाही. युरोपांतील शहरांनीं नाणें, कार्ड, नोंद आणि दंड यांच्या वाटेनें जें यंत्र सिद्ध केलें, त्याचीं मुख्य अंगें या साध्या दुकानांत अगोदरच होतीं : नांवाची वही, ओळखीची हमी आणि वस्तूची रोजची निगा. एक गोष्ट मात्र त्यांत नव्हती. सायकल नेली त्याच दुकानीं परत आणावी लागे. यंत्रानें जी भर घातली ती येवढीच कीं, एका दुकानाची वही साऱ्या शहराची झाली.

गंमत अशी कीं, जेथें या कल्पनेचा जन्म झाला त्या हॉलंडनें शेवटीं बरीचशी हीच जुनी रीत उचलली. ॲम्स्टरडॅमनें २०१७ सालीं तळ नसलेल्या कंपन्यांच्या सायकली आपल्या रस्त्यांवर नकोत असें ठरविलें. तेथें आज लोकप्रिय आहे ती रेल्वेची निळी-पिवळी सायकल. स्टेशनावर उतरावें, प्रवासाचें कार्ड दाखवून ती घ्यावी, काम करावें आणि त्याच स्टेशनावर ती परत द्यावी. हजारों माणसें तिचा रोज उपयोग करतात. तिच्यांत चमत्कार नाहीं. पण ती सकाळीं जागेवर असते आणि तिच्या चाकांत हवा असते.

या साठ वर्षांच्या इतिहासाचा निष्कर्ष काढावयाचा तर मी असा काढीन. लोक वाईट आहेत म्हणून सार्वजनिक सायकल बुडते असें नाहीं, आणि लोक चांगले आहेत येवढ्यावर ती तरतहि नाहीं. जेथें ती टिकली तेथें तिची जबाबदारी कोणी तरी आपल्या नांवावर घेतली होती : पॅरिसमध्यें नासधूस सोसूनहि शहरानें, हांगचौमध्यें वाहतूक-संस्थेनें, हॉलंडमध्यें रेल्वेनें. जेथें ती बुडाली तेथें वापरणाऱ्याचें नांव नोंदलें गेलें असेल वा नसेल. पण अडचण आली तेव्हां राखण करणाऱ्याचें नांव सांपडेनासें झालें होतें. मालकी सर्वांची असूं शकते. राखण मात्र कोणा तरी एकाची असावी लागते, आणि ती करणारा गांवांत राहणारा असावा लागतो.

पांढऱ्या सायकलीवरच्या कुलुपाशेजारीं त्याचा आंकडा रंगविणाऱ्या त्या तरुणांनीं थट्टेच्या भरांत एक खरी गोष्ट सांगितली होती. विश्वास ठेवणें म्हणजे कुलूप काढून टाकणें नव्हे. तें उघडण्याचा अधिकार सर्वांना देणें होय. आपल्या शहरांत पुन्हां केव्हां तरी सार्वजनिक सायकली येतील. त्या येतील तेव्हां लोक त्या परत करतील काय, हें आपण विचारूंच. त्याबरोबर दुसरेंहि विचारावें : त्यांच्या चाकांत हवा कोण भरणार आहे, आणि त्यांना चालावयास रस्ता कोण देणार आहे? या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्या शहरापाशीं तयार असतील, त्यानें आपल्या नागरिकांविषयीं फारशी शंका बाळगण्याचें कारण नाहीं.